मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्या : सामाजिक बदल आणि लैंगिकतेचे प्रश्न

मराठवाड्यात ‘मंडळी’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. घरात ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको, नाहीतर घरची माणसे. ख्रिस्ती वस्तीत मंडळी म्हणजे चर्च, दर रविवारी उपासनेला जमणारा समुदाय. प्रस्तुत नोंदीचा विषय या दोन मंडळींच्या मधोमध आहे. लग्न कोणाचे कोणाशी लागावे, मोडलेल्या संसाराचे काय करावे, बाईने वेदीपाशी उभे राहावे की नाही, समलिंगी किंवा तृतीयपंथी माणसाला प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीच्या, रांगेत जागा आहे की नाही, या प्रश्नांना इथल्या चर्चेसनी दिलेली उत्तरे आणि पाळलेले मौन असा तो विषय आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडे कमी. त्यातले बरेचसे मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर या बाजूचे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हा समाज विरळ आहे. गावात दहा-पंधरा घरे, तालुक्याला एखादे देऊळ. (इथले जुने लोक चर्चच्या इमारतीलाही देऊळच म्हणतात.) मोठे पंथ दोन. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीतून वेगळा निघाला. वैजापूर तालुक्यातले घोगरगाव हे त्यांचे जुने ठाणे. प्रोटेस्टंटांतले बहुतेक जण चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआयमध्ये आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन ही मंडळी स्थापन झाली. औरंगाबादकडची अँग्लिकन परंपरा आणि जालन्याकडची स्कॉटिश परंपरा त्यामुळे एका छपराखाली आल्या. मेथडिस्ट आहेत, आणि अलीकडे घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र पेंटेकॉस्टल प्रार्थनासभाही पुष्कळ आहेत.

सामाजिक बदल मराठवाड्यातल्या चर्चवर बाहेरून येऊन आदळला असे म्हणणे चूक ठरेल. हे चर्च जन्मालाच त्या बदलातून आले. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमधून परत आला तेव्हा त्याला जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबईत मोठे वादळ उठले, आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. नारायणराव पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक (धर्मगुरू) म्हणून जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तिथे राहायला आले ते प्रामुख्याने महार आणि मांग. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाने विहिरीवर जावे, मुलीला शाळेत घालावे आणि ब्राह्मण पाळकाच्या हातून भाकर घ्यावी, ही त्या काळातली केवढी मोठी उलथापालथ होती! प्रभुभोजनाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागतो, हे तत्त्व जातीच्या मुळावरच घाव घालणारे होते.

घाव खोल बसला, पण जात मेली नाही. महारकीतून आलेले ख्रिस्ती आणि मांगवाड्यातून आलेले ख्रिस्ती एका बाकावर बसू लागले, एका प्याल्यातून पिऊ लागले; सोयरीक मात्र आपापल्यातच शोधत राहिले. लैंगिकतेचा प्रश्न समजून घ्यायला ही गोष्ट विसरून चालत नाही. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरात लग्न हा जोडप्याचा खासगी मामला कधीच नव्हता. तो नात्यांचा, जातीच्या आठवणीचा आणि मंडळीतल्या अब्रूचा मामला आहे. त्यातच १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने दलित ख्रिस्त्यांना सवलतींबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत घेतले गेले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा ज्या वस्त्यांना झळ बसली त्यांच्या शेजारीच ही माणसे राहत होती. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ या मराठी धर्मपंडिताने शूद्रांच्या बाजूने धर्मशास्त्र मांडायला सुरुवात केली आणि पुढे त्यातून दलित धर्मशास्त्राचा प्रवाह निघाला. दुखावलेल्या माणसाच्या जागी उभे राहून पवित्र शास्त्र वाचायचे, ही त्याची पद्धत. हीच पद्धत पुढे स्त्रियांनी वापरली, आणि आता समलिंगी व तृतीयपंथी ख्रिस्ती वापरत आहेत.

लग्नाच्या बाबतीत चर्चने बदल घडवलाही आणि अडवलाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात देशी ख्रिस्त्यांसाठी वराचे वय सोळाच्या वर आणि वधूचे तेराच्या वर असावे अशी अट होती. पाळण्यातल्या लग्नांच्या त्या काळात ही अट पुढचे पाऊल होती. आज ती २१ आणि १८ आहे. ऊसतोडीला जाताना मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे म्हणून बीड-जालन्याकडे अजूनही लहान वयात लग्ने उरकतात. ख्रिस्ती मजूर कुटुंबेही त्याच टोळीतून, त्याच मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जातात. अशा वेळी मंडळीसमोर लग्नाची आगाऊ घोषणा वाचण्याची रीत कामाला येते. पाळकाने मुलीचा दाखला मागितला तर लग्न थांबू शकते. तो मागितला पाहिजे.

घटस्फोटाचा इतिहास जास्त वेदनेचा आहे. १८६९ च्या कायद्याने ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून देणे यांसारखे आणखी कारण सिद्ध करावे लागे. म्हणजे रोज मार खाणाऱ्या बाईला नुसत्या माराच्या आधारावर सुटका नव्हती. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस प्रकरणात हा भेद घटनाबाह्य ठरवला, आणि २००१ च्या दुरुस्तीने क्रूरता, परित्याग ही दोघांसाठी स्वतंत्र कारणे झाली. परस्पर संमतीने वेगळे होण्याची वाटही उघडली. या दुरुस्तीसाठी देशभरातल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली होती. चर्चच्या पुढाऱ्यांनीही अखेर तिला साथ दिली.

कॅथलिक बाईची अडचण मात्र इथे संपत नाही. तिच्या पंथात घटस्फोट नाही. लग्न मुळात वैध नव्हते असा निवाडा धर्मन्यायालयाकडून घ्यावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी आणि जलद केली. पण धर्मन्यायालयाचा निवाडा दिवाणी घटस्फोटाची जागा घेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले. म्हणून वैजापूरच्या बाईला एक अर्ज धर्मप्रांताकडे आणि दुसरा जिल्ह्याच्या न्यायालयात करावा लागतो. दोन्हीकडचे कागद, दोन्हीकडचा खर्च, दोन्हीकडे तेच दुःख पुन्हा सांगणे.

स्त्रीच्या स्थानाबद्दल थोडक्यात. मिशनच्या शाळा आणि दवाखान्यांनी शिक्षिका व परिचारिकांची पहिली पिढी घडवली. घरोघर जाऊन वाचून दाखवणाऱ्या बायबल वुमन या गावातल्या पहिल्या पगारी स्त्रियांपैकी होत्या. सीएनआय स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देते. तिच्या दक्षिणेकडच्या भगिनी मंडळीत, चर्च ऑफ साउथ इंडियात, २०१३ मध्ये पुष्पललिता नंद्याळच्या बिशप झाल्या. कॅथलिकांत धर्मगुरुपद पुरुषांपुरतेच आहे. तरी भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेचे स्वतंत्र धोरण आखले. त्याच्या पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत बीड जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या. गर्भपाताला कॅथलिक चर्चचा विरोध सरसकट आहे, प्रोटेस्टंटांत मतभेद आहेत. मुलीचा गर्भ काढण्याविरुद्ध मात्र दोघांचाही सूर एकच आहे. संततिनियमनावर १९६८ च्या पोप पॉल सहावे यांच्या पत्राने कृत्रिम साधने नाकारली. अँग्लिकनांनी १९३० च्या लॅम्बेथ परिषदेतच मर्यादित मुभा दिली होती.

आता मूळ प्रश्न. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ हे १८६० च्या ब्रिटिश कायद्यातले, व्हिक्टोरियन नीतिकल्पनांतून आलेले. समलिंगी प्रेम ही पाश्चात्यांची आयात आहे असे आपल्याकडे व्यासपीठावरून सांगितले जाते, तेव्हा ते गुन्हा ठरवणारे कलमच विलायतेहून आले होते हे सांगायचे राहून जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी हे कलम सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी ते पुन्हा घट्ट केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. या सगळ्या काळात ख्रिस्ती आवाज एक नव्हता. काही चर्च-संघटना कलम राहावे म्हणून न्यायालयात उभ्या राहिल्या. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवूनही, कॅथलिक चर्चने या लोकांना कधीच गुन्हेगार मानलेले नाही असे जाहीरपणे सांगितले. सीएनआय आणि मेथडिस्ट जिच्यात आहेत त्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेने, जिचे मुख्यालय नागपूरला आहे, २००९ नंतर लैंगिकतेवर धर्मपंडितांच्या चर्चा घडवल्या. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला रोमने समलिंगी जोडप्याला विवाहविधीचा भास होणार नाही अशा रीतीने आशीर्वाद द्यायला धर्मगुरूंना मोकळीक दिली. विवाहाची व्याख्या मात्र तीच राहिली, एक पुरुष आणि एक स्त्री. सीएनआयची व्याख्याही तीच आहे.

यातले किती मराठवाड्यातल्या बाकापर्यंत पोचते? फार थोडे. रविवारच्या उपदेशात व्यभिचार, दारू, हुंडा यांवर बोलले जाते. समलिंगी आकर्षणाचे नाव क्वचितच निघते. मुलगा लग्नाला तयार नसला तर ‘प्रभूची इच्छा कळायची आहे’ असे सांगून काही वर्षे निभावतात, मग प्रार्थना, मग उपास, मग एखाद्या सभेत डोक्यावर हात ठेवून ‘तो आत्मा’ घालवण्याचा प्रयत्न. शेवटी मुलीकडच्यांना काहीही न सांगता लग्न. यात दोन आयुष्ये अडकतात, आणि दुसऱ्या आयुष्याबद्दल, त्या नवरीबद्दल, कोणीच बोलत नाही. लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ हे वैद्यकीय गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवले आहे. तो नियम डॉक्टरांना बांधतो, प्रार्थनासभेला नाही. म्हणून पाळकाची जबाबदारी इथे जास्त आहे.

ज्या वचनांच्या आधारे निषेध होतो ती मोजकी आहेत : जुन्या करारातल्या लेवीयच्या पुस्तकातली दोन, पौलाच्या पत्रांतली तीन, शिवाय सदोमची कथा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातल्या दोन ग्रीक शब्दांच्या अर्थावर जगभर अभ्यासकांत वाद आहे. एकाचा शब्दशः अर्थ नुसता ‘मऊ’ असा होतो. मराठी वाचकाच्या हाती मात्र निश्चित अर्थाचे भाषांतरच पडते आणि वादाचा मागमूस त्याला लागत नाही. दुसरीकडे, षंढाविषयीची वचने मराठीत ठळक असूनही फारशी वाचली जात नाहीत. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय षंढाला परमेश्वराच्या मंडळीत येऊ देत नाही. यशयाचा छप्पन्नावा अध्याय त्यालाच देवाच्या घरात पुत्रकन्यांहून थोर नाव देण्याचे वचन देतो. प्रेषितांच्या कृत्यांत तर रथात बसून यशया वाचणारा कूशी (इथिओपियाचा) षंढ फिलिप्पाला विचारतो की इथे पाणी आहे, माझा बाप्तिस्मा व्हायला काय हरकत आहे? फिलिप्प हरकत घेत नाही. मंडळीत कोणी यावे याची मर्यादा पवित्र शास्त्राच्या आतच अशी सरकलेली आहे. महारवाड्या-मांगवाड्यातून आत आलेल्या समाजाला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगायला हवी.

मराठवाड्यात तृतीयपंथी माणसाला देवीच्या परंपरेत एक जागा होती : यल्लम्माचा जोगता म्हणून, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन. ती जागा मानाची तशीच भिक्षेची आणि शोषणाचीही. घर ख्रिस्ती झाले की ही जागा मूर्तिपूजेबरोबर सुटते. तिच्याऐवजी दुसरी जागा मंडळीने तयार केलेली नाही. बाक पुरुषांचे आणि बायकांचे वेगळे असतील तर असा माणूस दारातच थबकतो. १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून तसे प्रमाणपत्र मिळू लागले. त्यामुळे चर्चपुढे एक साधा, रोजच्या कामकाजातला प्रश्न उभा राहतो. बाप्तिस्म्याच्या वहीत जुने नाव आहे, जुन्या पिढ्यांत तीच वही जन्माचा पुरावा होती. नव्या नावाचे काय करायचे?

कॅथलिकांपुरते रोमचे एक उत्तर आले आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या पत्रकानुसार तृतीयपंथी व्यक्तीला, इतर भाविकांत गोंधळ किंवा ठोकर, म्हणजे श्रद्धेला धक्का, होणार नसेल तर, इतरांप्रमाणेच बाप्तिस्मा देता येतो. ठोकर होईल की नाही हे ठरवायचे गावच्या फादरांनी. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला वैजापूर-गंगापूरकडून पायी निघणाऱ्या दिंड्यांत कोण चालते आहे हे कोणी विचारत नाही. वहीत नाव घालताना मात्र विचारले जाते, आणि पेन त्या वेळी एका माणसाच्या हातात असते.