गादी सोडली, की फक्त सहीचा अधिकार दिला?

१४ जानेवारी २०२४. कोपनहेगनच्या ख्रिश्चनबोर्ग राजवाड्यात राणी आणि मंत्र्यांची बैठक. डेन्मार्कच्या राणी मार्गरेट दुसऱ्या यांनी समोरच्या कागदावर सही केली, टेबलाच्या टोकाची आपली खुर्ची थोरल्या मुलाला, फ्रेडरिकला दिली आणि ‘देव राजाचं रक्षण करो’ असं म्हणून त्या खोलीतून निघून गेल्या. त्या गादीवर आल्या त्याला त्या दिवशी बरोबर ५२ वर्षं झाली होती. त्या देशात स्वखुशीने गादी सोडल्याचं याआधीचं उदाहरण थेट ११४६ सालचं.

पण गंमत पुढे आहे. राजा फ्रेडरिक परदेशात असताना त्यांच्या जागी कारभार कोण पाहू शकतं, याची एक ठरलेली यादी आहे. तीत त्यांचा मुलगा युवराज ख्रिश्चन आहेत, पत्नी राणी मेरी आहेत, मार्गरेट यांची धाकटी बहीण बेनेडिक्टे आहेत आणि खुद्द मार्गरेटही आहेत. ज्या बाईंनी राज्य सोडलं, त्याच राजाच्या गैरहजेरीत पुन्हा सह्या करू शकतात! मग सोडलं ते नेमकं काय?

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक राज्यत्याग, दुसरी राजप्रतिनिधित्व, म्हणजे राजाच्या वतीने दुसऱ्याने कारभार पाहणं. बातमीतल्या फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. म्हातारा राजा दिसत नाही, मुलगा राजदूतांना भेटतोय, फीत कापतोय, कायद्यावर सही करतोय. फरक फोटोत नसतो, कागदात असतो. आपल्याकडे गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. आबा थकले म्हणून तलाठ्याकडे नि सोसायटीत मुलगा खेपा घालतो, खिशात मुखत्यारपत्र असतं. पण सातबाऱ्यावर नाव आबांचंच. उद्या आबांना बरं वाटलं, तर ते मुखत्यारपत्र रद्द करून स्वतः चावडीवर जातील. सातबाराच मुलाच्या नावावर केला असेल, तर मात्र तो मार्ग बंद.

लक्झेंबर्गच्या राजघराण्याने तर या दोन्ही पायऱ्या वर्षभरात चढून दाखवल्या. ग्रँड ड्यूक, म्हणजे तिथले राजे, हेन्री यांनी ८ ऑक्टोबर २०२४ रोजी मुलगा गियोम याला आपला प्रतिनिधी नेमलं. तेव्हा ‘लक्झेंबर्गला नवा राजा’ असं समजणारे चुकले. त्या दिवशी फक्त मुखत्यारपत्र झालं होतं. राष्ट्रप्रमुख हेन्रीच होते. गादी त्यांनी सोडली ती ३ ऑक्टोबर २०२५ला. त्या घरात ही रीतच पडली आहे. हेन्रींचे वडील जाँ १९६१ मध्ये प्रतिनिधी झाले आणि १९६४ मध्ये ग्रँड ड्यूक. स्वतः हेन्री १९९८ मध्ये प्रतिनिधी झाले आणि २००० मध्ये गादीवर बसले. मुलाला आधी हाताखाली तयार करायचं, मग चाव्या द्यायच्या. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते, पण तिच्यामुळेच बाहेरच्यांचा गोंधळ उडतो हेही खरं.

हा फरक सगळ्यांत स्वच्छ मांडला तो जपानचे सम्राट आकिहितो यांनी. ८ ऑगस्ट २०१६ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, ते टीव्हीवरून जनतेशी बोलले. जपानच्या राजघराण्याच्या कायद्यात राज्यत्यागाची सोयच नव्हती. सम्राट अल्पवयीन असेल किंवा गंभीर आजारी असेल, तर ‘सेश्शो’ म्हणजे राजप्रतिनिधी नेमायची सोय होती. आकिहितो यांचे वडील हिरोहितो स्वतः १९२१ पासून पाच वर्षं असे प्रतिनिधी होते. शिवाय थोड्या दिवसांसाठी काम सोपवायचा वेगळा कायदा होताच; २०१२ मध्ये आकिहितो यांची बायपास झाली, तेव्हा युवराज नारुहितो यांनी तो वापरूनच कामं उरकली. मग हे पुरेसं का नव्हतं? आकिहितो यांच्या बोलण्याचा आशय असा की, प्रतिनिधी नेमला तरी सम्राट हा सम्राटच राहतो. कर्तव्यं पार पाडता येत नसतानाही अखेरपर्यंत तो त्या पदावरच असतो. त्यांना काम वाटून द्यायचं नव्हतं, पद उतरवून ठेवायचं होतं. संसदेने जून २०१७ मध्ये फक्त त्यांच्यापुरता एक खास कायदा केला आणि ३० एप्रिल २०१९ रोजी ते पायउतार झाले. याआधी असं १८१७ मध्ये घडलं होतं.

जपान आणि डेन्मार्क एकमेकांच्या अगदी उलट वागले, ते त्यानंतर. आकिहितो ‘जोको’ झाले, म्हणजे निवृत्त सम्राट, आणि सार्वजनिक कामांतून पूर्ण बाजूला झाले. नववर्षाच्या दर्शनाला ते सज्जात दिसतात, पण राजप्रतिनिधी त्यांना होता येत नाही. या कडकपणामागे जुनी आठवण आहे. अकराव्या शतकात सम्राट शिराकावा यांनी गादी सोडली आणि मठातून कितीतरी वर्षं खरी सत्ता चालवली. एका राज्यात दोन सम्राट नकोत, ही धास्ती जपानच्या हाडात मुरलेली आहे. डेन्मार्कला ती भीती नाही. तिथे मार्गरेट यांच्या नावामागची ‘दुसऱ्या’ ही मोजणी गेली, ‘राणी’ आणि ‘हर मॅजेस्टी’ राहिलं, कार्यक्रमांना जाणंही चालू राहिलं.

तिथे त्यांची गरजही आहे. राज्यत्यागाने कामाची वाटणी कशी हलते, याकडे फारसं कुणी बघत नाही. प्रतिनिधी नेमला की कुणाची जागा बदलत नाही. युवराज स्वतःचंही काम करतो आणि वडिलांचंही. नॉर्वेत राजे हाराल्ड आजारी पडले की युवराज हॉकोन यांच्या वाट्याला हेच येतं. जानेवारी २०२४ मध्ये, डेन्मार्कच्या बातमीनंतर, हाराल्ड यांना विचारलं गेलं, तेव्हा ते म्हणाले की संसदेपुढे घेतलेली शपथ आयुष्यभराची असते. त्यांनी पुढे कार्यक्रम कमी केले, गादी नाही सोडली.

राज्यत्यागात मात्र सगळी रांग एकेक पाऊल पुढे सरकते आणि शेवटची जागा रिकामी पडते. फ्रेडरिक राजा झाले. मग युवराजाची कामं कोण करणार? ख्रिश्चन तेव्हा १८ वर्षांचे, शाळेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते लष्करी सेवेत गेले. काका योआकिम वॉशिंग्टनच्या दूतावासात नोकरीला. अशा घरात ऐंशी ओलांडलेल्या दोन बहिणींना मोकळं बसणं परवडत नाही. जपानमध्ये नारुहितो यांना मुलगा नाही, म्हणून धाकटा भाऊ आकिशिनो वारस झाला. त्याच्याकडे स्वतःची जुनी कामं होतीच, त्यांवर युवराजाची आली. काही कामं नारुहितो सोबत घेऊन गेले. राष्ट्रीय सांस्कृतिक महोत्सवाला पूर्वी युवराज जात, आता सम्राट जातात.

या दोन गोष्टी एकमेकींना पर्याय आहेत, असंही नाही. इंदूरच्या होळकरांकडे त्या दोनदा एकदमच आल्या. १९०३ मध्ये शिवाजीराव गादीवरून उतरले, मुलगा तुकोजीराव अल्पवयीन, म्हणून कारभार १९११ पर्यंत प्रतिनिधी मंडळाकडे. मग मुंबईतले व्यापारी बावला यांच्या १९२५ च्या खून प्रकरणात हे तुकोजीरावच अडचणीत आले. चौकशीला सामोरं जाण्याऐवजी त्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली. मुलगा यशवंतराव १७ वर्षांचा, त्यामुळे पुन्हा मंडळ, १९३० पर्यंत. गादीचा मालक नवा होता, पण त्याच्याही सह्या दुसरेच करत होते. आणि हा त्याग स्वखुशीचा म्हणायचा का, हा प्रश्न वेगळाच.

तेव्हा पुढच्या वेळी ‘राजाने सूत्रं मुलाकडे सोपवली’ असा मथळा दिसला, तर दोन गोष्टी शोधायच्या: सही कुणाच्या नावाने होते आहे, आणि जुन्या राजाला मनात आलं तर तो उद्या सकाळी परत येऊ शकतो का.

आकिहितो यांना परत यायचंच नव्हतं. गोबी या छोट्या माशांचा त्यांचा अभ्यास तरुणपणापासूनचा. २०२१ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर दोन नव्या जातींचं वर्णन करणारा शोधनिबंध छापला, तेव्हा ते ८७ वर्षांचे होते.