गनेरा

गनेरेसी कुलातील बहुवर्षायू ओषधींची (काष्ठमय नसलेल्या वनस्पतींची) प्रजाती. नॉर्वेतील बिशप व वनस्पतिज्ञ योहान एर्न्स्ट गुन्नेरुस यांच्यावरून लिनीअस यांनी हे नाव दिले. बागांच्या संदर्भात दोन जातींचा उल्लेख होतो : चिली व लगतच्या अर्जेंटिनातील ग. टिंक्टोरिया (स्थानिक नाव नाल्का) आणि दक्षिण ब्राझीलमधील ग. मॅनिकाटा. पाने एरंडासारखी हस्ताकृती व खंडित, पण 2 मी.पर्यंत रुंद, देठ काटेरी. चिलीत नाल्काचे कोवळे देठ सोलून मिठाबरोबर खातात. देठांच्या तळाशी असलेल्या ग्रंथींतून नॉस्टॉक हे नील-हरित शैवल थेट पेशींत शिरून नायट्रोजन पुरवते. त्यामुळे निकस पण ओल्या जमिनीतही झाड माजते.

बागांतील ‘मॅनिकाटा’ नेमकी कोणती, हा प्रश्न दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. टिंक्टोरिया ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, तर मॅनिकाटा बहुधा 1860 च्या दशकात यूरोपात आली. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटिश उद्यानविद्या संस्थेच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी, बाह्यरूप व आनुवंशिक विश्लेषण ताडून 2022 मध्ये असे मांडले, की मूळ मॅनिकाटा लागवडीतून लवकरच नाहीशी झाली असावी आणि तिच्या नावाने वाढवली जाते ती दोन्ही जातींची संकरज, ग. × क्रिप्टिका. तुऱ्याच्या उपशाखांची लांबी (टिंक्टोरियात आखूड व ताठ, मॅनिकाटात लांब व लवचिक) संकरजात मधली दिसते. केवळ पानांच्या आकारावरून केलेली जुनी ओळख त्यामुळे भरवशाची वाटत नाही.

टिंक्टोरिया 2017 पासून यूरोपीय संघाच्या निर्बंधित आक्रमक जातींच्या यादीत आहे. 2023 च्या अखेरीस ब्रिटिश शासनाने संकरजालाही तोच निर्बंध लागू असल्याचे स्पष्ट केले : विक्री व नवी लागवड बंद; आधीची झाडे ठेवता येतात, पण पसरू देता येत नाहीत. लागवड तळ्याकाठी, खोडाचा माथा पाण्याच्या पातळीच्या वर राहील अशी करीत. बुडाल्यास तो कुजतो. हिवाळ्यात कापलेली पाने उलटी घालून कोंब झाकतात.

आयर्लंडच्या मेयो परगण्यातील अकिल बेटावर आणि न्यूझीलंडच्या तारानाकी किनाऱ्यावर टिंक्टोरियाचा उपद्रव मोठा आहे. मोठ्या झाडाला वर्षाला सुमारे अडीच लाख बिया येऊ शकतात व त्या मातीत टिकून राहतात. म्हणून फुलोरा बी धरण्याआधीच कापतात. लहान रोप खोडासह खणून काढतात. मोठ्याचे जाड, जमिनीलगत आडवे वाढणारे खोड उन्हाळ्याच्या अखेरीस छाटून ताज्या कापावर लगेच ग्लायफोसेट या तणनाशकाचे 20–25 टक्के द्रावण ब्रशने लावतात. उशीर झाल्यास काप सुकतो व औषध आत जात नाही. पाण्यालगत फवारणीस परवानगी लागते. काट्यांमुळे जाड हातमोजे हवेत. खोडाचा कोंब असलेला तुकडा ओल्या मातीवर पडला, तर पुन्हा फुटतो; त्यामुळे तुकडे खतात टाकत नाहीत. मोकळी झालेली जागा उघडी ठेवल्यास बियांतून दाट रोपे उगवतात, म्हणून तेथे ताबडतोब गवत पेरून पुढील काही वर्षे पाहणी चालू ठेवावी लागते.