ऊसतोडणी करणाऱ्या स्थलांतरित स्त्रिया (कोल्हापूर जिल्हा)

गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून मार्च-एप्रिलपर्यंत, मराठवाड्यातून आणि मुख्यतः बीड जिल्ह्यातून कोल्हापूर जिल्ह्यात ऊस तोडायला येणाऱ्या स्त्रिया. शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर या तालुक्यांत कारखान्यांच्या आसपास आणि गावाबाहेरच्या माळावर त्यांच्या कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पाच-सहा महिने राहूनही गावात त्यांची ओळख ‘बीडची टोळी’ एवढीच असते.

कोल्हापूरला पंचगंगा, भोगावती, दूधगंगेचे पाणी आहे आणि शाहू महाराजांनी काम सुरू केलेले राधानगरी धरण आहे. त्यामुळे उसाला तोटा नाही. बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मात्र शेती पावसावर. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर वाढत गेले.

या कामात माणसे मोजण्याचे माप ‘कोयता’ आहे आणि विषमतेचे मूळही त्यातच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि वहीत नाव लागते नवऱ्याचे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. पण हा दरही जोडीच्या कामाचा. त्यातला बाईचा वाटा किती, याचा आकडा कोणत्याच वहीत सापडत नाही. उचल फिटण्याआधी नवरा दगावला, तर मुकादम बाकी मागायला तिच्याच दारात येतो. विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईला भाऊ नाहीतर मुलगा सोबत घेऊन कोयता पुरा करावा लागतो. मुलींची लग्ने लहान वयात उरकण्यामागेही हे एक कारण आहे: लग्न झाले की पोराचा अर्धा कोयता पूर्ण होतो.

तिचा दिवस पहाटे तीन-चारला चुलीपाशी सुरू होतो. भाकरी फडक्यात बांधून, उजाडायच्या आत उसाच्या फडात. उसाचे पाते अंग कापते म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडके. नवरा बुडातून ऊस तोडत पुढे जातो. मागून ती पाचट सोलते, वाढ्याला (उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पानांना) पीळ देऊन मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढते. पाय घसरला तर आधाराला काही नसते. तान्हे मूल बांधावरच्या झोळीत. ट्रॉली रात्री अकराला आली तर भरणी अकराला. त्यानंतरही स्वयंपाक, पाणी, धुणे तिच्याच वाट्याला.

कोपीला दार नसते, जवळ शौचालय नसते. साडीचा आडोसा करून अंधारात अंघोळ उरकायची. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. गर्भाशय काढण्याचा, त्यांच्या भाषेत ‘पिशवी काढण्याचा’, प्रश्न यातूनच वाढला. अंगावरून जाणे, पोटदुखी अशा बऱ्या होणाऱ्या तक्रारींवरही ऑपरेशनचा सल्ला दिला गेला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे तपासले. बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. तरुण वयात पिशवी गेली की हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, कंबर धरते, आणि मोळी तर उचलावीच लागते.

कोल्हापूरच्या बाजूने पाहिले तर ऊस वेळेत जावा म्हणून शेतकरी टोळीला ‘खुशाली’, म्हणजे वरचे पैसे, देतो. ती पुरुषांच्या हाती पडते. बाईला त्या शेतात फार तर वैरणीसाठी वाढे मिळते. ते विकून मीठ-मिरचीचा खर्च भागतो. त्या चार पैशांवरच तिचा स्वतःचा म्हणावा असा हक्क असतो.

१९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता. त्यामुळे बीडहून बेळगावच्या कारखान्यावर गेलेली बाई त्यात बसे, कोल्हापुरात थांबलेली बसत नसे. मुलांसाठी कोल्हापुरातील ‘अवनि’ संस्थेने वीटभट्ट्या आणि ऊसतोडीच्या वस्त्यांवर शिक्षणाचे काम केले आहे. धाकट्याला सांभाळायला थांबणारी मोठी मुलगी शाळेपर्यंत पोहोचवणे त्यातले सर्वांत अवघड. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले, आणि गावपातळीवर ग्रामसेवकामार्फत कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचेही. या ओळखपत्रावर बाईचे नाव नवऱ्यापासून वेगळे, स्वतंत्र कामगार म्हणून येऊ शकते.