मुलांमधील निकेलची ॲलर्जी

निकेल हा धातू कातडीला वारंवार लागल्याने होणारा इसब. मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, तो बहुधा कानाच्या पाळीवर सुरू होतो. पाळी लाल होते, खाजते, भोकातून पाणी येते आणि खपली धरते. घरी ‘कान पिकलाय’ म्हणून हळद-तेल लावतात आणि जरा बरे वाटले की तेच डूल पुन्हा घालतात.

खोट्या दागिन्यांत सोनेरी मुलाम्याखाली अनेकदा निकेलचा थर असतो. मुलामा झिजला की घामातील क्षारांमुळे निकेल विरघळते, कातडीत शिरते आणि तेथील प्रथिनांना चिकटते. शरीरातील टी-पेशी (रोगांपासून बचाव करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) त्याला परके मानतात आणि ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. पुढे निकेल लागले की पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. लग्नात घातलेल्या झुमक्यांची खाज सोमवारी शाळेत सुरू होते, म्हणून झुमक्यांवर कुणाचा संशयच जात नाही.

नुकतेच टोचलेले भोक ही उघडी जखम असते. तिथे कातडीचा आडोसा नसल्याने पहिली तार कशाची, याला फार महत्त्व आहे. महाराष्ट्रात तान्ह्या बाळाचे कान सोनार सोन्याच्या तारेने टोचत आला. २२ कॅरट सोन्यात सहसा तांबे आणि चांदी मिसळतात, त्यामुळे ही जुनी रीत या बाबतीत खरोखर शहाणपणाची आहे. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकते.

डेन्मार्कने १९९० मध्ये दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. १९९४ मध्ये युरोपीय संघाने तसाच नियम केला: कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूंतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. डॅनिश शाळकरी मुलींच्या एका पाहणीत १९९२ पूर्वी कान टोचलेल्यांपैकी १७.१ टक्के, तर त्यानंतर टोचलेल्यांपैकी ३.९ टक्के मुलींना ही ॲलर्जी आढळली. औषधाने नव्हे, कायद्याने झालेला हा बदल आहे.

बेंबीखालचा चट्टा बहुधा जीन्सच्या बटणाचा किंवा पट्ट्याच्या बकलाचा असतो. निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निकेल सल्फेटची पट्टी ४८ तास चिकटवून ठेवतात. वस्तू तपासायची असेल, तर डायमिथिलग्लायॉक्झिम हे रसायन आणि अमोनिया यांत भिजवलेला कापूस तिच्यावर घासल्यावर गुलाबी झाला, तर तिच्यातून निकेल सुटते आहे. स्टेरॉइडच्या मलमाने चट्टा ओसरतो. बटण काढून प्लॅस्टिकचे लावून घ्यावे.