क्रूझ जहाजावरील स्पेशालिटी रेस्टॉरंट

तिकिटात धरलेल्या जेवणाखेरीज, जादा पैसे भरून आणि सहसा आधी टेबल राखून जेवण्याचे जहाजावरील लहान उपाहारगृह. स्टेकहाउस (भाजलेल्या मांसाच्या जाड कापांचे, म्हणजे स्टेकचे), इटालियन, सुशी, तेप्पान्याकी (गिऱ्हाइकांसमोर तव्यावर शिजवायची जपानी पद्धत) आणि फ्रेंच हे नेहमी आढळणारे प्रकार. मुख्य भोजनगृह आणि बुफे तिकिटातच असल्याने इथे कोणी भूक भागवायला जात नाही. पैसे मोजायचे ते मागणीनंतर शिजवलेल्या ताटासाठी. मुख्य भोजनगृहात एका पाळीला शेकडो ताटे एकदम वाढायची असतात. त्यामुळे मांस आधीच घाऊक भाजून गरम कपाटात ठेवावे लागते आणि ते हमखास थोडे जास्त शिजते. हा फरक स्टेकमध्ये लगेच कळतो, पास्त्यात फारसा कळत नाही. एकदाच जायचे असेल तर इटालियनपेक्षा स्टेकहाउस किंवा सुशी निवडणे शहाणपणाचे.

ही कल्पना जुनी आहे. हँबुर्ग-अमेरिका कंपनीने १९०५ मध्ये ‘अमेरिका’ या जहाजावर प्रसिद्ध हॉटेलवाले रिट्झ यांच्या नावाने स्वतंत्र पैसे देऊन जेवायचे उपाहारगृह उघडले. ‘टायटॅनिक’वरचे (१९१२) असेच उपाहारगृह लुइजी गात्ती यांच्याकडे ठेक्याने होते, ते आणि त्यांचे बहुतेक इटालियन व फ्रेंच कर्मचारी त्या अपघातात बुडाले. पुढे सहलीच्या जहाजांनी सगळे जेवण तिकिटात धरले आणि ठरलेली वेळ, ठरलेले टेबल ही शिस्त रूढ झाली. ‘क्रिस्टल हार्मनी’ने १९९० मध्ये इटालियन आणि जपानी असे दोन पर्याय दिले, तेही जादा आकाराशिवाय. ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या कंपनीने २००० मध्ये ठरलेल्या वेळा मोडून ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली. त्यानंतर सशुल्क उपाहारगृहे कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग बनली. त्याच वर्षीच्या ‘सेलिब्रिटी मिलेनियम’ जहाजावर तर टायटॅनिकचे भावंड असलेल्या ‘ऑलिंपिक’ जहाजातील भिंतींची मूळ लाकडी पॅनेल लावलेले उपाहारगृह होते.

आकारणी दोन प्रकारची असते: माणशी ठरावीक रक्कम किंवा पदार्थागणिक दर. दोन्हींवर बहुधा १८ ते २० टक्के सेवाशुल्क चढते आणि दारू वेगळी. ठरावीक रकमेतही मोठा लॉबस्टर किंवा खास प्रतीचे मांस यांवर ‘जादा’ अशी बारीक खूण असते, ती आधी वाचावी. तीन-चार जेवणांचे पॅकेज माणशी स्वस्त पडते, मात्र कंपन्या ते बरेचदा केबिनमधल्या सर्व प्रौढांना घ्यायला लावतात. ओशनियासारख्या काही कंपन्या अशा जेवणाचे वेगळे पैसे घेत नाहीत.

टेबल निघण्यापूर्वीच कंपनीच्या अ‍ॅपवरून राखावे. जहाजावर चढल्यावर संध्याकाळी सात-साडेसातच्या वेळा उरत नाहीत. पहिल्या रात्री गर्दी कमी असते आणि कधीकधी सवलतही मिळते. जेवणाला दोन ते अडीच तास लागतात, त्यामुळे नऊच्या कार्यक्रमाला जायचे असेल तर साडेसहानंतरची वेळ घेऊ नये. मुख्य भोजनगृहात लॉबस्टर वाढतात ती औपचारिक रात्रही टाळावी, नाहीतर तिकिटातले सर्वात महाग जेवण वाया जाते. वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाळावी. फोन किनाऱ्याचे नेटवर्क पकडून तासभर पुढे-मागे होतो, आणि न कळवता गैरहजर राहिल्यास बरेच ठिकाणी दंड लागतो. संध्याकाळी बर्म्युडा आणि रबरी चपला बहुतेक ठिकाणी चालत नाहीत.

आगीच्या भीतीमुळे जहाजाच्या भटारखान्यात सहसा गॅसची ज्योत नसते. विजेच्या शेगड्या, इंडक्शन आणि विजेचा तंदूर यांवरच काम चालते. म्हणून वोकमधल्या (चिनी कढईतल्या) नूडल्सना किनाऱ्यावरच्या आचेचा धुरकट स्वाद येत नाही. त्यात आचाऱ्याचा दोष नाही.

शाकाहारी आणि जैन प्रवाशांनी पैसे भरण्याआधी नीट चौकशी करावी. तेप्पान्याकीत सर्वांचे जेवण एकाच तव्यावर होते, थाई रश्शात फिश सॉस असतो, सूपचा आधार हाडांचा असतो आणि पार्मेझान चीजमध्ये प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून काढलेले विरजण) असते. स्टेकहाउसचा ठरावीक आकार भरून सॅलड आणि बटाटा खाणे हा तर निव्वळ तोटा. कांदा-लसूण-अंडे नको असल्यास किमान महिना-दीड महिना आधी कंपनीला लेखी कळवावे आणि चढल्या दिवशी हेड वेटरला पुन्हा सांगावे. जहाजांवर गोव्याचे आणि मुंबईचे कर्मचारी पुष्कळ असतात; ‘व्हेज म्हणजे मासळीही नाही’ हे त्यांना एका वाक्यात कळते. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या, कॉर्डेलिया या भारतीय कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजावर जैन जेवण नेहमीच्या भोजनगृहातही मिळते.

बिल केबिनच्या कार्डावर चढते. सेवाशुल्क आधीच धरलेले असले तरी पावतीवर टिपची एक रिकामी ओळ असते. तिथे काही लिहिले तर ती रक्कम वरून लागते.