विशेष शिक्षक व्हायचंय? प्रवेशापासून आरसीआय नोंदणीपर्यंत काय काय लागतं

दिव्यांग मुलांना शिकवणारा विशेष शिक्षक म्हणून नेमणूक हवी असेल तर नुसती पदविका किंवा पदवी पुरत नाही. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत तुमचं नाव असावं लागतं. त्या नोंदीलाच सगळे ‘सीआरआर नंबर’ म्हणतात. १९९२ च्या आरसीआय कायद्याचं कलम १३ याबाबत स्पष्ट आहे: नोंदणी नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा नंबर मिळणार की नाही, हे बऱ्याचदा प्रवेश घेतला त्याच दिवशी ठरलेलं असतं. म्हणून सुरुवात तिथून करू.

कोणता अभ्यासक्रम, कोणाला

डी.एड. विशेष शिक्षण दोन वर्षांचं आहे. बारावी कोणत्याही शाखेतून, ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असावं लागतं. बी.एड. विशेष शिक्षणासाठी पदवीला ५० टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांत सवलत मिळते. दोन्हीकडे एक दिव्यांगत्व क्षेत्र निवडायचं असतं: श्रवण, दृष्टी, बौद्धिक अक्षमता, बी.एड.ला अध्ययन अक्षमता वगैरे. गावाजवळ जे केंद्र आहे तिथलं क्षेत्र घ्यायचं, असं अनेक जण करतात. शक्य असेल तर तसं करू नका. ब्रेल शिकलेला शिक्षक आणि वाचनात अडखळणाऱ्या मुलाला शिकवण्याची तयारी केलेला शिक्षक, दोघांची हत्यारं वेगळी असतात.

साधं बी.एड. झालेल्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. तुमच्या अभ्यासक्रमात समावेशित शाळेवरचा विषय असला, सेवेत असताना प्रशिक्षणं झाली, तरी त्यावर आरसीआय नोंदणी होत नाही. मात्र वर्गातली पहिली जबाबदारी तुमचीच आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या खास अडचणींची, प्राथमिक चाळणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकांनी करायची, असं केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. आठ वर्षांच्या आधी मुलाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राची घाई नको, पण मूल मागे पडतंय हे दिसत असताना चौथी-पाचवीची वाट बघणंही चूक.

फी भरण्याआधी

आरसीआयची मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती त्या केंद्राला, त्या अभ्यासक्रमाला, त्या क्षेत्राला, ठरावीक जागांना आणि ठरावीक कालावधीसाठी असते. एकाच इमारतीत श्रवणाच्या अभ्यासक्रमाला मान्यता असेल आणि बौद्धिक अक्षमतेच्या अभ्यासक्रमाची मुदत संपलेली असेल, असं होऊ शकतं. त्यामुळे आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत तुमचं शैक्षणिक वर्ष धरून नोंद तपासा आणि तिची प्रत जपून ठेवा. माहितीपत्रकावर ‘आरसीआय मान्य’ छापलंय एवढ्यावर विसंबू नका. मान्यता नसलेल्या तुकडीतून शिकलात तर नोंदणी अडते, आणि दोन वर्षं परत येत नाहीत.

नोंदणीचा अर्ज

निकाल लागून प्रमाणपत्र हाती आलं की अर्ज ऑनलाइन करायचा. साधारण ही कागदपत्रं स्कॅन करून ठेवा:

– जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र (ज्या कागदावर जन्मतारीख छापलेली आहे तोच)
– विशेष शिक्षणाच्या सर्व वर्षांच्या किंवा सत्रांच्या गुणपत्रिका
– अंतिम किंवा तात्पुरतं उत्तीर्ण प्रमाणपत्र
– ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा
– फोटो आणि सही
– नाव बदललं असल्यास त्याचा पुरावा

शुल्क पोर्टलवरच भरायचं. पावती आणि अर्ज क्रमांक लगेच जतन करा. ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. त्रुटी कळवली जाते ती तिथेच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावात. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं: ‘जाधव सुनीता रामचंद्र’. आधारवर ‘सुनीता रामचंद्र जाधव’, आणि लग्नानंतर काढलेल्या कागदांवर ‘सुनीता विजय मोरे’. क्रम बदलला तर सहसा चालतं, पण वडिलांच्या जागी पतीचं नाव आणि नवं आडनाव आलं की राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावं लागतं. सोपा उपाय म्हणजे अभ्यासक्रमाच्या प्रवेश अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच नाव लिहायचं. परीक्षेच्या अर्जात इंग्रजी स्पेलिंगचं एक अक्षर चुकलं तर ते गुणपत्रिकेवर छापून येतं. ते पहिल्याच वर्षी दुरुस्त करून घ्या, दोन्ही वर्षं झाल्यावर नव्हे.

नोकरीसाठी आणखी काय

पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते: पाचवीपर्यंत पेपर एक, सहावी ते आठवी पेपर दोन, प्रत्येकी १५० गुणांचा. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. शिवाय एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१० च्या अधिसूचनेनुसार विशेष शिक्षणाची पात्रता असलेल्या प्राथमिक शिक्षकाने नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा विशेष कार्यक्रम पूर्ण करायचा असतो. हे नेमणूक झाल्यावर अनेकांच्या लक्षातच राहत नाही.

जागांची गरज खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. २०२४ मध्ये महाराष्ट्र राज्याने केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहांच्या पातळीवर, विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांचा निर्णय घेतला. जाहिरात निघाली की अर्जाची मुदत थोडी असते, आणि ‘नोंदणी प्रक्रियेत आहे’ या उत्तरावर अर्ज टिकेल अशी आशा धरू नये. म्हणून निकालानंतर नोंदणी लांबवू नका.

नूतनीकरण

नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणासाठी त्या काळात सीआरईचे, म्हणजे सततच्या पुनर्वसन शिक्षणाचे, १०० पॉइंट जमवायचे असतात. कार्यशाळेला आरसीआयची मान्यता असेल तरच पॉइंट धरले जातात. प्रमाणपत्रावर मान्यतेचा उल्लेख आणि पॉइंट दोन्ही आहेत का, हे हॉलमधून बाहेर पडण्याआधीच पाहा. दर वर्षी वीसच्या आसपास पॉइंट झाले तर शेवटच्या वर्षी धावपळ होत नाही. मधल्या काळात दुसरं क्षेत्र शिकलात तर नवा नंबर घ्यायचा नाही, आहे त्याच नोंदीत वाढीव पात्रता लावून घ्यायची.