मुंबईत चालतंय कोण?

'मुंबईच्या उकाड्यात नि पावसात चालतंय कोण? फुटपाथ छाटा, रस्ता रुंद करा, ट्रॅफिक सुटेल.' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सिग्नलला अडकलेल्याला तो पटणारच, काचेतून त्याला गाड्याच दिसतात.

आता हिशोब स्टेशनपासून मांडू. १२ डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसं वाहते. दादरला उतरणारा प्रत्येक जण पुलाखाली येईपर्यंत तरी पायीच असतो. बस किंवा शेअर टॅक्सी धरायलाही आधी चालावंच लागतं. फुटपाथ नाही म्हणून ही माणसं घरी बसत नाहीत. ती डांबरावर उतरतात आणि मागची गाडी त्यांच्या चालीनं रांगते. शिवाय रुंद केलेल्या पट्ट्यात दोन दिवसांत स्कूटर उभ्या राहतात, हे वेगळंच.

खात्री करायचीय? सकाळी नऊला दादर पश्चिमेच्या पुलाखाली पाच मिनिटं उभे राहा. एक जण पायी जाणारे मोजेल, दुसरा गाड्यांमधली माणसं. गाड्या नव्हे, माणसं.

मग घरापर्यंत चालून बघा. मिनिटाला साधारण ८० मीटर धरले तर ८०० मीटरला दहा मिनिटं लागतात. जास्त लागली तर कुठे थांबलात ते आठवा: विजेचा डबा, उखडलेला पेव्हर, उभी बाईक? पावसाचं म्हणाल, तर आपल्या मानकांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आहे. समोरासमोरच्या दोन छत्र्या तेवढ्यात जरा तिरक्या करून सहज निघतात.